इशारा पातळी

२२ जून, रविवार

नणंदेकडे वास्तुशांत होती. पंगतीत नेहमीचा प्रश्न आलाच. "दुसरा चान्स कधी घेताय?" एरवी मी विषय बदलते. आज "बघतोय" म्हटलं. विचारणारी इतकी खूश झाली की पोळीवर आणखी एक चमचा तूप पडलं. पलीकडे बसलेल्या सासूबाईंनी वळून पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत. काय झालं होतं ते त्यांना माहीत आहे. बाकीच्या गोतावळ्याला एवढंच ठाऊक, की सूनबाईंना बाळंतपणानंतर जरा अशक्तपणा आला होता.

घरी आल्यावर ह्याला सांगितलं, मी पंगतीपुरतं बोलले नाही. मला खरंच हवंय. भीतीही वाटतेय. हा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग आधी मिरजेच्या मनोविकाराच्या मॅडमना भेटू. बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे नंतर."

२६ जून, गुरुवार

सकाळी लॅब उघडायच्या आधीच पायरीवर एक पोर बसलेली होती, पहिलटकरीण, सोबत सासू. गरोदरपणाच्या सगळ्या तपासण्या एकदम लिहून दिलेल्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत हिमोग्लोबिन आणि रक्तगट, पिवळ्या टोपणाच्या नळीत थायरॉइड, कावीळ, एचआयव्ही आणि बाकीचं. शिवाय लघवी. सुई टोचताना तिने सासूचा नव्हे, माझाच मोकळा हात धरला. "झोप लागते का गं?" असं मी विचारलं. सासूने उत्तर दिलं, "लागते की. दुपारीसुद्धा झोपती."

दुपारी गर्दी ओसरल्यावर माझं रक्त सहकारी मुलीने काढलं. हिमोग्लोबिन, बी-१२, डी आणि टीएसएच. गेल्या वेळी टीएसएच पहिल्यांदा बघितलं ते मिरजेच्या मॅडमनी, मूल साडेतीन महिन्यांचं झाल्यावर. बाळंतपणानंतरच्या वर्षभरात काही बायकांच्या थायरॉइडला सूज येते. थकवा, रडू, धडधड, झोप उडणं हे सगळं त्यानेही होऊ शकतं, आणि त्याचा उपाय वेगळा. माझं नॉर्मल होतं. पण ते बघायला कुणाला सुचलं नव्हतं, आणि मी स्वतः लॅबमधली.

फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून. ४०० मायक्रोग्रॅम. दिवस राहायच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची असते. बायका येतात दिवस राहिल्यावर, आणि बाळाचा मणका तर पहिल्या चार आठवड्यांतच मिटत आलेला असतो.

३ जुलै, गुरुवार

मिरजेला दोघं जाऊन आलो. मॅडमनी जुनी फाइल काढून ठेवली होती.

पहिला प्रश्न मीच विचारला. बाळंतपणानंतरचं नैराश्य परत होईल का? त्या गोड बोलत नाहीत, म्हणून मला बऱ्या वाटतात. म्हणाल्या, एकदा होऊन गेलेल्यांतल्या पुष्कळ जणींना पुन्हा होतं. कुठल्या अभ्यासात चारात एक निघते, कुठल्या अभ्यासात दोनात एक. "म्हणजे न होण्याची शक्यता निदान तेवढी तरी आहेच," हा लगेच म्हणाला. साखर कारखान्यातला केमिस्ट, टक्केवारीशिवाय त्याला चैन पडत नाही. "आहे," मॅडम म्हणाल्या, "पण तयारी होणार असं धरूनच करायची."

गोळ्या त्यांच्याच देखरेखीखाली कमी करत करत बंद होऊन आता बरेच दिवस झाले. पुढे तीन वाटा आहेत. गोळीशिवाय राहायचं आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. किंवा गरोदरपणातच मन घसरू लागलं तर तेव्हाच सुरू करायची, बाळंतपणाची वाट बघायची नाही. किंवा काही झालेलं नसलं तरी बाळंत झाल्याबरोबर सुरू करायची. माझी सर्ट्रालिन होती. ती पाजणाऱ्या आईला पुष्कळदा दिली जाते, दुधात तिचा अंश अगदी थोडा उतरतो. गेल्या वेळी घरात सगळ्यांनी "गोळी की दूध" असा वाद घातला होता. तसा प्रश्न मुळात नव्हताच.

काही औषधं मात्र मूल होऊ शकणाऱ्या बाईला शक्यतो देतच नाहीत. मॅडमनी व्हॅलप्रोएटचं नाव घेतलं. फिटसाठी आणि मूडच्या आजारासाठी ते सर्रास चालतं, पण पोटातल्या बाळाच्या मणक्याला आणि मेंदूला त्याने इजा होऊ शकते. चालू असेल तर आपल्या मनाने बंद करायचं नाही, आधी डॉक्टरांना सांगायचं. मला ते कधी नव्हतं, पण लॅबमध्ये बायका आम्हालाच विचारतात, म्हणून टिपून ठेवते.

मग मॅडमनी उलटतपासणी सुरू केली. कधी असे दिवस आले का, की दोन-तीन तास झोप होऊनही अंगात उत्साह मावत नव्हता, बोलणं थांबत नव्हतं, हातातून पैसा सुटत होता? नाही. कारण तसं असेल तर हे नुसतं नैराश्य नसतं, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. "माहेरी कुणाला? आई, मावशी, आजी? बाळंतपणानंतर वेडंवाकडं वागली, गप्प झाली, माहेरी आणून ठेवली असं काही?"

नाही म्हणाले. आई नेहमी नाहीच म्हणत आली आहे. मिरज-सांगली रस्त्यावर मात्र मोठी मावशी डोक्यातून जाईना. लहानपणापासून बघते, घरात बाळंतीण असली की मावशीला त्या खोलीत जाऊ देत नाहीत. माझ्या वेळीही ती उंबऱ्याबाहेरूनच बाळ बघून गेली. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं, म्हणून त्याचंही वाटलं नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

कराडला गेले. आई ओट्यापाशी खिचडीसाठी दाण्याचं कूट करत होती. बाबा टीव्हीवर पंढरपूर बघत होते. मी सरळच विचारलं, "मोठ्या मावशीला काय झालं होतं?"

आईने मिक्सर थांबवला नाही. कूट पार तेल सुटेपर्यंत फिरलं. मग झाकण काढून म्हणाली, "कुणी सांगितलं?"

कुणी नाही म्हटल्यावर बोलायला लागली, आणि मग थांबली नाही. मावशीचा धाकटा झाला त्यानंतर दहाव्या-बाराव्या दिवसापासून तिची झोप उडाली. रात्रभर घरभर फिरायची, भांडी लावायची, परत काढायची. मग म्हणायला लागली की हे मूल माझं नाही, दवाखान्यात बदललंय, खरं मूल नदीत आहे. एका पहाटे प्रीतिसंगमाच्या पायऱ्यांवर सापडली, अंगावर बाळंतिणीचेच कपडे, कानाला फडकं बांधलेलं. नशिबाने बाळ घरी होतं. देवऋषी झाले, अंगारे झाले, उंबऱ्यात लिंबं कापली. शेवटी आजोबांनी मिरजेला नेलं. तिथे शॉक दिले आणि ती बरी झाली. पूर्ण बरी झाली, हे आईने दोनदा सांगितलं. बाळ मात्र तोवर कित्येक महिने आजीकडेच राहिलं, वरच्या दुधावर वाढलं. घरी परत आल्यावर ते मावशीकडे जाईना, हे तिला आजाराहून जड गेलं म्हणे.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुझं लग्न जमवायचं होतं. अशा घरातली मुलगी कोण करून घेतं?"

यावर भांडायला मी आले नव्हते. आईच्या जागी बसून पाहिलं तर हिशेब चुकीचाही नव्हता, अजूनही नाही. पण मी साडेतीन महिने तिच्याच घरात, तिच्याच डोळ्यांसमोर जागत होते. गॅलरीच्या दाराला आतून कडी घालायला लावायचे. डास येतात म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. बाळाला घेऊन गॅलरीत उभं राहिलं की हात सुटेल असं माझ्या मनात यायचं, हे कुणाला सांगणार? आईने ते ओळखलं होतं का, हे मी आजही विचारलं नाही.

निघताना म्हणाली, "डॉक्टरांना सांगणार?" हो. "आणि तुझ्या सासूला?"

७ जुलै, सोमवार

मॅडमना फोन केला. मावशीचं ऐकून त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, हे कळलं ते फार बरं झालं. मावशीला झालं तो वेगळा आजार. हजारात एकदोघींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत उफाळतो, आणि तो तातडीचा असतो. मला होईलच असं नाही. पण जवळच्या नात्यात आहे म्हटल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत माझ्या झोपेची नोंद दुसऱ्या कुणीतरी रोज ठेवायची.

गॅलरीचंही त्यांना पुन्हा सांगितलं. म्हणाल्या, नको तो विचार मनात येणं आणि तो विचार खरा वाटू लागणं, ह्यात मोठं अंतर आहे. पहिल्याला घाबरून आई दाराला कडी घालते. त्याबद्दल मोकळेपणी बोलायचं, उपचार घ्यायचे. दुसरं झालं तर त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट बघायची नाही.

बंगळुरूला निमहान्समध्ये २००९ पासून असा विभाग आहे, जिथे आईला बाळासकट दाखल करून घेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही लिहिलंय की आई मनोरुग्णालयात असली तर तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून तोडायचं नाही. हे मावशीला सांगायला पाटणला जायला हवं.

१३ जुलै, रविवार

लेक झोपल्यावर कॅलेंडर घेऊन बसलो. ह्याच्या कारखान्याचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या काळात रात्रपाळ्या, आणि रजेचं नाव काढायचं नाही. पहिली झाली ती ऐन जानेवारीत. हा रविवारी कराडला यायचा, तोही अर्धा झोपेत. बापाची रजा सरकारी नोकरांना मिळते, खाजगीत आणि सहकारात मालकाची मर्जी. म्हणून पावसाळ्यात, कारखाना बंद असताना बाळंतपण यावं असं बघायचं. म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास दिवस राहायला हवेत. पोटातलं काही ऊसतोडीच्या टोळीबरोबर ठरवून येत नाही हे कळतं, तरी ह्याने पेन्सिलीने गोल केला.

मग आपणहून सांगायला लागला. तेव्हा दर रविवारी कराड स्टँडवर उतरायचा आणि लगेच घरी यायचा नाही. समोरच्या टपरीवर दोन चहा व्हायचे. घरी गेलं की मी त्याच्याकडे न बघता बाळ हातात द्यायचे, तो परत निघेपर्यंत. "मला वाटायचं, तुला मीच नकोय." एवढी वर्षं हे पोटात ठेवलं. मॅडम त्या दिवशी ह्यालाही "तुमची झोप कशी आहे?" विचारत होत्या, ते आता समजलं. बापांनाही हे नैराश्य येतं, साधारण दहात एकाला.

२९ जुलै, नागपंचमी

आज लॅबला निम्मीच हजेरी, बत्तीस शिराळ्याकडची मंडळी गावी. मोकळ्या वेळात वाचलं. गोव्यात म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात बाळंत झालेल्या बायकांचा एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. दीड-दोन महिन्यांनी पाहिलं तर २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी झाली तर जास्त, त्यातही आधीची मुलगी असेल तर आणखी. पुढे देशभरातल्या अभ्यासांची मोट बांधली तेव्हाही आकडा २२ टक्क्यांच्या आसपासच आला. मला ना मारहाण, ना उपासमार. "पहिली बेटी धनाची पेटी" एवढंच ऐकून घ्यावं लागलं, तेही लोक समजूत घालतात त्या सुरात. आता तेच लोक "ह्यावेळी मुलगा होऊ दे" म्हणतील. दुसरी मुलगी झाली तर ओटीत काय पडेल हे म्हापशाच्या बायकांनी आधीच सांगून ठेवलंय.

मॅडमनी दिलेली प्रश्नावली भरून ठेवली. एडिंबरोची, १९८७ सालची, दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल. पैकीच्या पैकी ३०. बहुतेक ठिकाणी १० च्या पुढे गेलं की सावध होतात, काही ठिकाणी १३ च्या. दहावा प्रश्न जिवाचं काही करून घ्यावंसं वाटण्याबद्दल आहे. त्याला "कधीमधी" एवढं जरी उत्तर आलं तर बेरीज बघत बसायचं नाही, लगेच बोलायचं. आज माझी बेरीज ४. बरं असतानाचा आकडा लिहून ठेवायचा म्हणजे पुढे तुलनेला येतो. आम्ही लॅबमध्ये हेच करतो.

ही प्रश्नावली भरायला पाच मिनिटं लागतात. लसीकरणाच्या रांगेत बसून होईल. माझं दुखणं ओळखलं ते लेकीच्या लसीच्या तिसऱ्या डोसच्या वेळी एका सिस्टरने, तेही कागदाशिवाय. बाळाच्या मांडीला कापूस दाबता दाबता तिने विचारलं, "ती झोपल्यावर तुम्ही झोपता का?" आणि मी तिथेच रडायला लागले. त्याआधी बाळंतपणाच्या डॉक्टरांनी "सगळ्यांनाच होतं, होईल कमी" म्हणून वाटेला लावलं होतं. पहिल्या आठवड्यातलं रडू खरंच निम्म्याहून अधिक जणींना येतं आणि पंधरवड्यात आपोआप ओसरतं. पण सहाव्या आठवड्यातही तेच सांगायचं?

३ ऑगस्ट, रविवार

सासूबाईंना सगळं सांगितलं. मावशीसकट. दळण निवडत होत्या. "आमच्या शेजारणीला झालेलं असं," एवढंच म्हणाल्या, आणि मग कामाचं बोलू लागल्या. आई उगाच घाबरली.

दुसरं बाळंतपण सांगलीतच, हे ठरलं. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, तेल लावून कढत पाण्याची अंघोळ, ओव्याची धुरी, हे सगळं त्यांच्याकडे. मला सव्वा महिन्याचा राग नाही. बाईला महिनाभर चुलीपासून लांब ठेवणारी दुसरी कुठली सोय आपल्याकडे आहे? धुरी मात्र बाळाच्या खोलीत नको, हे त्यांनी नातीच्या खोकल्यावरून कबूल केलं.

रात्रीवर अडलं. मला रात्री सलग पाच तास झोप हवी. मॅडमनी ती औषधासारखी लिहून दिलीय. म्हणजे एक पाजणं दुसऱ्याने करायचं, काढून ठेवलेल्या दुधावर. "बाटली माझ्या घरात येणार नाही," सासूबाई म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत ह्याने सांगितलं की बालरोगतज्ज्ञसुद्धा बाटली नकोच म्हणतात, वाटी-चमच्याने पाजा म्हणतात. झालं, मग भांडण कुठलं? चांदीची वाटी त्यांनी लगेच कपाटातून काढली. दहा ते तीन बाळ ह्याचं आणि त्यांचं, तीननंतर माझं. पाचवीला पाटा-वरवंटा पुजून, सटवाईसाठी कोरा कागद ठेवून अख्खं घर रात्रभर जागतं. त्यातलं थोडं जागरण पुढच्या रात्रींना वाटून द्यायचं एवढंच आहे, असं मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. पण नाही म्हणाल्या नाहीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

कृष्णेचं पाणी चढतंय. लॅबमध्ये येणारा प्रत्येक जण आधी आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती ते विचारतो, मग रिपोर्ट. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ. इशाऱ्याला कुणी छाती बडवत नाही. खालच्या गल्लीतले लोक फ्रीज माडीवर चढवतात, गुरं हलवतात, गाडी वर लावतात. पाणी दारात आल्यावर कुणी हलवाहलव करत नाही, कारण तेव्हा ती होत नाही.

रात्री तोच हिशेब कागदावर उतरवला.

इशारा: बाळ झोपलेलं असताना सलग दोन रात्री मला झोप नाही. जेवण नको होणं. आंघोळीला, कुणाला भेटायला टाळाटाळ. लेकीवर विनाकारण ओरडणं. "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं तोंडून येणं. प्रश्नावलीत दहाच्या पुढे. काय करायचं: ह्याने मॅडमना फोन करायचा, मला विचारत बसायचं नाही. त्या आठवड्यात पाहुणे बंद.

धोका: अजिबात झोप नाही आणि तरी थकवा नाही. बाळाबद्दल, घरच्यांबद्दल भलतंच खरं वाटणं, आवाज ऐकू येणं. मरणाचं बोलणं. काय करायचं: मला एकटं सोडायचं नाही, बाळासोबत तर नाहीच, आणि तासाभरात दवाखाना. मॅडमचा फोन लागला नाही तर १४४१६, टेली-मानस, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलतात. मी "नको, मी बरी आहे" म्हणाले तर ते ऐकायचं नाही. ही ओळ मी स्वतः घातली, खाली सही केली.

ह्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "लेकीवर ओरडणं इशाऱ्यात? मग तू आत्ताही..." एवढ्या सगळ्यात हसू आलं. "विनाकारण" हा शब्द अधोरेखित केला.

७ सप्टेंबर, रविवार

रात्री खग्रास चंद्रग्रहण. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता काही नाही ना? मग बघ पोटभर. पुढच्या वेळी मी बघू देणार नाही." पुढच्या वेळचं पुढच्या वेळी भांडू. लेकीला उठवलं. तिने तांबूस चंद्र बघितला, बिस्किट मागितलं आणि परत झोपली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

तांबी काढली. डॉक्टर नवीन, आधीच्यांकडे गेले नाही. दोन मिनिटांचं काम, थोडी कळ आली. सिझेरियनला चार वर्षं होऊन गेलीत, त्यामुळे अंतराचा प्रश्न नाही म्हणाल्या. २६ आठवड्यांची रजा दुसऱ्यालाही मिळते, लॅबच्या मालकांना मी कायद्याचा कागद दाखवून ठेवलाय. त्यांनी चहा मागवला आणि "लागेल तेव्हा बघू" म्हणाले. म्हणजे पुन्हा दाखवावा लागणार.

निघताना काउंटरवर इशारा-धोक्याच्या कागदाची झेरॉक्स दिली, फाइलला लावा म्हणून. सिस्टरने वरवर वाचलं. "अहो, अजून दिवससुद्धा राहिले नाहीत. हे बाळंतपण झाल्यावर आणा."

"तेव्हा मी आणणार नाही," म्हटलं. "आत्ताच लावा. सगळ्यात वर."

तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, ड्रॉवरमधून पंचिंग मशीन काढलं आणि वर कुणाचा फोन नंबर लिहायचा ते विचारलं. मी ह्याचा सांगितला, मग सासूबाईंचा. थोडं थांबून आईचाही दिला.